दोन फुलं कमी

त्या सांजेला आम्ही दोघं नवराबायको एका जुन्या लाल गाडीच्या गोळ्याचे फेरे मोजत बसलो होतो. आम्ही मिळून केलेलं ते शेवटचं साधं काम. दुसऱ्या दिवशी सकाळी गिरजा गेली.

गाडीच्या मागच्या दोन चाकांच्या मधे लोखंडाचा एक गोळा असतो. इंजिनाची ताकद तो दोन्ही चाकांना वाटून देतो. शिकलेले त्याला डिफरेन्शियल म्हणतात. मी चौथी शिकलेला मिस्त्री, मी गोळाच म्हणतो. त्या लाल गाडीचा गोळा दात तुटून बसला होता, म्हणून नागपूरच्या भंगार विकणाऱ्या एका कबाड्याकडून दुसरा आणवला होता, वापरलेला. तुटलेल्या गोळ्यातल्या मोठ्या चक्राला एक्केचाळीस दात होते, ते मी स्वतः मोजले होते. कबाड्याने आपल्या गोळ्याच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने लिहून पाठवलं होतं, एक्केचाळीस.

झाकण न खोलता खात्री करायची एक रीत आहे. गोळ्याला दोन बाजूंना दोन तोंडं असतात आणि पुढे एक मान. एक तोंड पाचर मारून अडवायचं, दुसरं हाताने वीस वेळा फिरवायचं. या गोळ्याच्या मानेवरच्या लहान चक्राला दहा दात, म्हणून तेवढ्यात मान जितके फेरे घेईल, तेवढेच मोठ्या चक्राला दात. मी तोंड फिरवत होतो. गिरजा मानेवरची खडूची खूण बघत मोजत होती. तिला आकडे पाचाच्या पुढे तोंडात धरवत नसत. बाजूला वाळलेल्या मोहफुलांचं सूप होतं. खूण वर आली की एक फूल चटईवर. पाच झाली की एक ढीग.

"किती?" मी विचारलं.

"सात ढीग आन वर चार."

"म्हणजे एकोणचाळीस."

"तुमच्या शाळेत जे म्हणत असतील ते."

"एक्केचाळीस पायजेत वं. इथी लिहून आहे."

"मंग ज्यानं लिहिलं त्यालेच विचारा."

"दोन फुलं तुह्या पोटात गेले असन."

तिने माझ्याकडे बघितलं. "मी काय खाल्ली नाई जी. जन्मभर मोह वेचून राह्यली, आता मोजता मोजता खाऊ?"

"मंग दोन फेरे सुटले. तुले दिसत नाई आताशा."

तिने सगळे ढीग एका हाताने सुपात ओढले. "सकाळी झाकण खोलून पाहून घ्या," म्हणाली. "मी मोजली तेवढेच सांगतली." गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि चुलीकडे गेली. जेवायला बसलो. भाजीत मीठ कमी होतं, ते मी वरून घेतलं.

*

मोह पुन्हा गळायला लागला आहे. पोंभुर्ण्याच्या अलीकडे आमचं गाव, गावाच्या मागे धानाच्या बांध्या, बांध्यांच्या शेवटी नाला आणि नाल्याच्या काठी आमचं झाड. या दिवसांत पहाटे घराचं दार उघडलं की वास आधी आत येतो, उजेड मागून येतो. गोड वास आहे, पण त्यात थोडं आंबलेलं असतं. लहानपणी आवडायचा. आता तो वास आला की मी दार लावून घेतो. मग दाराच्या फटीतून येतो.

मोहाचं झाड एकदम फुलं देत नाही. टप, मग थांबणार, मग टप टप. जणू कुणी वर बसून एकेक टाकतंय आणि खाली कोण उचलतं ते बघतंय. गिरजा झाडाखालचा पाचोळा झाडून जागा आरशासारखी करायची. आसपासच्या बायका पाचोळा जाळायच्या. ही जाळत नसे. म्हणायची, राखेतलं फूल धुवावं लागते आणि धुतलं की त्याचं सत जाते. जुनी लुगडी झाडाखाली अंथरायची. हिरवं, विटकरी, एक पोपटी. फुलं त्या लुगड्यांवर पडायची, पिवळट पांढरी, हाताला चिकट.

आमच्याकडे कोणतं झाड कोणाचं हे सगळ्यांना ठाऊक असतं. कागद नाही, कुंपण नाही, तरी दुसऱ्याच्या झाडाखाली कोणी हात घालत नाही. यंदा शेजारची देवकाबाई आमच्या झाडाखाली वेचते. मला विचारून वेचते. रोज सकाळी अर्धी टोपली माझ्या ओट्यावर ठेवते आणि म्हणते, "मिस्त्रीभाऊ, तुमचा वाटा." मी दोनदा झाडापर्यंत जाऊन आलो, नक्की किती पडतं ते बघायला. एवढ्या झाडाखाली एकच टोपली निघते हे मला पटत नाही. ती एक टोपली घरी नेत असेल आणि दुसरीतली अर्धी मला देत असेल. असं वाटतं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटत नाही. मी असाच आहे. मला त्या फुलांचं काहीच करायचं नाही, ती ओट्यावरच काळी पडतात. तरी ती पूर्ण आहेत का, हे मला पाहिजे असतं.

*

माझा धंदाच संशयाचा. घरासमोरच रस्त्याला लागून टिनाचं छप्पर, समोर कडुनिंब, दिवसभर कोळशाचे ट्रक धूळ उडवत जातात. जुन्या गाड्या येतात आणि प्रत्येक गाडी काहीतरी लपवून येते. जुना गोळा तर सगळ्यात लबाड. दात झिजले की तो रडतो, चाळीसच्या वेगाला बारीक आवाज काढतो. विकणारे लोक काय करतात, तर त्यात लाकडाचा भुसा भरतात, नाहीतर केळ्याचं साल. आठ दिवस गोळा गप बसतो. मग विकत घेणाऱ्याच्या घरी जाऊन पुन्हा रडायला लागतो. म्हणून मी कोणताही वापरलेला गोळा आला की आधी नाक लावतो. कबाड्याच्या या गोळ्याचा वासही घेतला होता. फटीतून भुशाचा वास नाही, केळ्याचा नाही. समाधान वाटलं. एवढ्या समाधानावर मी पांढऱ्या रंगाचा आकडाही खरा मानला.

गाडी चंद्रपूरच्या एका वकिलांची. दोनच माणसांची, बुटकी, कापडाच्या छताची, धावायसाठी केलेली. त्यांच्या वडिलांनी कधीकाळी कोण्या साहेबाकडून घेतलेली. आमच्या रस्त्यावर ती आली तेव्हा बैल बिचकला होता. गिरजा तिला "कासव" म्हणायची. "एवढी पळणारी गाडी, कासव काऊन म्हणतेस?" मी विचारलं तर म्हणाली, "पोट जमिनीले लागते न तिचं." वकीलसाहेब मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "मिस्त्री, जसं होतं तसंच पाहिजे. बदल चालणार नाही." मी म्हटलं, जसं होतं तसंच होईल. दात दोन कमी झाले तर गाडी पळते, पण चढावावर ओढ कमी होते आणि वेगाचा काटा खोटं बोलतो. दुसऱ्या कोणाला कळणार नाही. मला कळलं असतं.

*

चंद्रपूर जिल्ह्यात मोहाच्या दिवसांत बाई मेली म्हटलं की लोक आधी एकच विचारतात.

"वाघ?"

फोनवर मुलीने तेच विचारलं. ती गडचिरोलीला असते. तिचं रडणं नंतर आलं, वाघ आधी आला. रस्त्यावरून जाणारा माणूस थांबून तेच विचारायचा. वनखात्याचा माणूसही चौकशी करून गेला. मी प्रत्येकाला सांगितलं, वाघ नाही, अस्वल नाही, वेचून घरी आली, ओट्यावर बसली, छाती धरली आणि गेली. ऐकणाऱ्याचा चेहरा जरा उतरायचा. मी नीट बघितलं आहे ते. जणू मी त्याला काहीतरी कमी दिलं. साध्या मरणावर लोकांचा विश्वास बसत नाही. खरं सांगायचं तर माझाही बसला नाही. अजूनही मी त्या सकाळभोवती फिरतो, खाली वाकून बघतो, कुठून गळतंय ते शोधतो.

*

गिरजाचं मोजणं काय होतं ते सांगायला पाहिजे.

लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. एका ट्रकचं मागचं चाक बसवून मी त्याला जाऊ दिलं. ही नटांची टोपली उचलून आत ठेवत होती. म्हणाली, "एक नट उरला जी." मी म्हटलं, जुना असेल. ती म्हणाली, "मी खोलताना पाच पाच करून ठेवली होती. बसवल्यावर टोपली रिकामी पायजे." मी सायकल काढली आणि उन्हात पोंभुर्ण्यापर्यंत ट्रकच्या मागे गेलो. तो चहाच्या टपरीवर उभा सापडला. चाक सैल झालंच होतं. ड्रायव्हरने माझे दोन्ही हात धरले. "तुमच्या ध्यानात आलं म्हणून, मिस्त्री," म्हणाला. मी म्हटलं, "हो, आठवलं रस्त्यात."

घरी येऊन तिला म्हणालो, सापडला ट्रक. ड्रायव्हरला काय सांगितलं ते बोललो नाही. तिने विचारलंही नाही. नंतरच्या सगळ्या वर्षांत असं किती वेळा झालं असेल. ती मोजायची आणि गावात नाव माझं व्हायचं, की मिस्त्रीचा हात पक्का आहे. आणि ज्या दिवशी तिचा आकडा मला नको असलेला निघाला, त्या दिवशी मी म्हणालो, फुलं खाल्लीस.

जन्मभर मी कोणावर भरवसा टाकला नाही. दूधवाल्यावर नाही, कंडक्टरवर नाही, जावयावर नाही. त्या एका सांजेला टाकला, तो ज्याचं तोंड कधी पाहिलं नाही अशा माणसाच्या रंगाच्या आकड्यावर. लिहिलेलं होतं म्हणून टाकला. चौथी शिकलेल्या माणसाला लिहिलेल्याचा फार धाक असतो. ती एकही इयत्ता शिकली नव्हती, म्हणून तिला नव्हता.

*

पुढे काय झालं ते मी सगळ्यांना असं सांगत आलो. तेरवी झाली. मुलगी परत गेली. मग मी त्या गोळ्याचं झाकण खोललं, दात मोजले, एकोणचाळीस निघाले. गिरजा बरोबर होती. मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, आईले कळलं असन हो, जिथी असन तिथी." वकीलसाहेबांना सांगितलं तर म्हणाले, "किती मोठी गोष्ट आहे मिस्त्री, जाताजाताही बाई तुमचं काम करून गेल्या." ते भेटायला आले होते की गाडीसाठी, हे मला तेव्हाही समजलं नाही. कबाड्याला फोन केला. तो म्हणाला, "भाऊ, पोरानं चुकीचं लिहिलं असेल, परत पाठवा." मी परत पाठवला नाही. वकीलसाहेबांना तोंडावर सांगितलं, दोन दात कमी आहेत, ओढ कमी पडेल, पटत असेल तर बसवतो. त्यांना पटलं. मी बसवला. मागच्या हप्त्यात ती गाडी रस्त्याने गेली. मी कडुनिंबाखाली उभा राहून कान दिला. रडत नव्हती. तिचा आवाज सपाट, समाधानी होता. मला तो ऐकवला नाही, मी आत आलो.

या सगळ्यात फोन खरा, वकील खरे, एकोणचाळीस खरे. तेरवी खोटी.

*

परवा देवकाबाईने टोपली ठेवली आणि ती गेली नाही. ओट्याच्या खाली उभी राहिली. पदराने तोंड पुसलं. उन्हं अजून कडुनिंबाच्या शेंड्यावरच होती.

"मिस्त्रीभाऊ, एक विचारू?"

"टोपल्या कमी काऊन भरतात, ते आधी सांग."

"झाड म्हातारं झालं. तुम्ही येऊन वेचा न मंग, मी कुठी अडवून राह्यली." तिने ओट्याच्या कडेला हात टेकला. "गिरजाबाईले आंघोळ मीच घातली होती त्या दिवशी."

"माहीत आहे."

"लुगड्याले खांद्यावर पाच बोटं होते. काळे. तुम्ही तिले मांडीवर घेतलं होतं, तवाचे."

"मिस्त्रीचे हात आहेत. काळेच राहतात."

"ते साधं तेल नोहतं. गंधकावानी वास येत होता. माझा नवरा ट्रॅक्टर चालवते, भाऊ. त्याच्या गोळ्याचं झाकण खोललं की आठ दिवस घरात जेवण जात नाई. तो वास झाकण खोलल्याबिगर बाहेर येत नाई."

मी टोपलीतली फुलं बघत होतो. एक मुंगळा एका फुलाला ओढत होता, त्याला ते झेपत नव्हतं.

"मंग?" मी म्हटलं.

"मंग काई नाई. तुम्ही तर म्हणता तेरवीनंतर खोललं."

"कोणाले सांगतलं तू हे?"

"कोणाले सांगू? लोकाले वाघ पायजे." ती हसली नाही. "मले एवढंच सांगा. तिले सांगतलं होतं न? की तुह्यं बरोबर निघालं म्हणून?"

आता बघा. मोह गळायला लागल्यापासून मी या बाईवर फुलं चोरल्याचा संशय घेतला. अर्धी टोपली दया म्हणून देते की माझं तोंड बंद ठेवायला, की मलाच रोज आठवण करून द्यायला, हे ताडत बसलो. आणि तिच्या पोटात होता तो एवढा एकच प्रश्न. वर्षभर तिने तो धरून ठेवला, आणि यंदा रोज वाकून आमच्या झाडाखाली वेचत राहिली.

"सांगतलं," मी म्हणालो.

तिने मान हलवली. फुलं ओट्यावर ओतली, रिकामी टोपली डोक्यावर उपडी घातली आणि गेली. फाटकाशी एकदा वळून बघितलं. तिला पटलं की नाही, मला सांगता येत नाही. पण मी तिच्या जागी असतो तर मला पटलं नसतं.

म्हणून हे लिहायला बसलो. बोलून मी खोटं सांगितलं, आधी सगळ्या गावाला आणि परवा देवकाबाईला. लिहिताना हात अडतो, जोडाक्षरं चुकतात, तरी लिहिलेलं खोटं निघू नये असं वाटतं. कबाड्याचं निघालं, तेवढं पुरे.

*

ती सकाळ अशी होती.

ती अंधुक असतानाच उठली. मी जागा होतो. दर वर्षी मी काठी घेऊन नाल्यापर्यंत तिच्यासोबत जायचो, कारण मोहाच्या वासाने अस्वलं येतात. त्या दिवशी डोळे मिटून पडून राहिलो. ती जरा वेळ खाटेशी थांबली, हे मला तिच्या बांगड्यांवरून कळलं. मग देवकाबाईला हाक मारत निघून गेली.

आवाज दूर गेल्यावर मी उठलो. चहाही केला नाही. गोळा ओढून ओट्याच्या कडेला आणला आणि झाकणाचे आठ बोल्ट काढले. तळाशी उरलेलं काळं तेल भसकन हातावर आलं. मला तिला दाखवायचं होतं. टोपली घेऊन आली की तिला मोठं चक्र दाखवायचं आणि एकेक दात बोट लावून मोजायला लावायचं, असं ठरवलं होतं. पहिल्या दातावर खडूची खूण केली आणि मोजले. एकोणचाळीस. पुन्हा मोजले. एकोणचाळीस. मग उलट्या दिशेने चक्र फिरवून मोजले, हळू, प्रत्येक दातावर नख टेकवून. नाल्याकडे कोणीतरी हसलं, तिचं हसणं असेल किंवा देवकाबाईचं.

मी झाकण परत बसवलं. आठही बोल्ट कसले. सांडलेल्या तेलावर माती टाकली आणि पायाने सारखी केली. हात फडक्याला पुसले, पण ते तेल पुसल्याने जात नाही.

ती फाटकातून एकटीच आत आली. देवकाबाई पुढे आपल्या घराकडे गेली होती. टोपली काठोकाठ भरलेली होती. ती ओट्यावर ठेवताना तिला दोन्ही हात लागले, एरवी एक पुरायचा. कपाळावर घाम होता आणि ओठ मला जरा पांढरे वाटले. ते मी बघितलं आणि ऊन लागलं असेल म्हणून सोडून दिलं. तिने गोळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तोंडावर राग नव्हता. सांजेचं भांडण ती विसरली असावी, किंवा जिंकायची वाट बघत असावी. माझी बायको होती, तिलाही जिंकायला आवडत असे.

"पाह्यलं का जी?" तिने विचारलं. "किती निघाले?"

पाना माझ्या हातात होता.

"अजून खोललं नाई," मी म्हणालो. "आधी पाणी पी."

"खोललं की सांगजा," ती म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली. मी पाणी आणायला आत गेलो.